हरीण, बंदूक आणि मधले अंतर

थंडीच्या दिवसांत जेवणे आटोपल्यावर अंगणात उभे राहून वर पाहिले की जगातली सर्वांत जुनी शिकार चाललेली दिसते. चार तारे म्हणजे मृगाचे चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्या बाणाच्या रेषेत खाली लखलखणारा व्याध. आपल्या आजीने आपल्याला दाखवलेले आणि तिला तिच्या आजीने दाखवलेले हे चित्र आहे. त्याची कथा ऐतरेय ब्राह्मणात आहे. प्रजापती मृगाचे रूप घेऊन आपल्याच कन्येच्या मागे लागला, देवांना ते सहन झाले नाही आणि रुद्राने बाण सोडला. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ लिहिले ते याच तारकासमूहाच्या आधारावर. खगोलशास्त्र मात्र या चित्रात एक गंमत करते. व्याधाचा तारा आपल्यापासून अवघा ८.६ प्रकाशवर्षे दूर, तर बाणाचे तिन्ही तारे हजार प्रकाशवर्षांच्याही पलीकडे. एवढ्या लांबून नेम धरणारा शिकारी दुसरा कोणी झाला नसेल!

आजचा विषय आहे ते हे मधले अंतर. रायफल हाती असलेल्या माणसाने हरणावर किती लांबून गोळी झाडावी? किती अंतरापर्यंत ती शिकार म्हणायची आणि कुठून पुढे नुसता जुगार? प्रश्न ऐकून काही जण म्हणतील, आपल्या देशात शिकार बंद होऊन पन्नास वर्षे झाली, आता ही उठाठेव कशाला? आणखी काही जण म्हणतील, ज्याला मारायचेच आहे त्याच्या बाबतीत नीती कसली? मी स्वतः शिकारी नाही. शिकारीची जुनी पुस्तके वाचण्याचा नाद मात्र आहे. ती वाचताना एक गोष्ट लक्षात येत गेली. माणसाच्या हातातले हत्यार जसजसे लांब पल्ल्याचे होत गेले, तसतसा हा प्रश्न त्याला जास्त छळू लागला. त्यामागचा इतिहास केवळ शिकारीपुरता नाही, म्हणून तो सांगावासा वाटतो.

सुरुवात आपल्या घरच्या कथांपासूनच करू. आपल्या पुराणांत शिकार पुष्कळ आहे आणि चुकलेली शिकारही पुष्कळ आहे. दशरथ शब्दवेधी होता. आवाजाच्या रोखाने बाण मारण्याची विद्या त्याला येत होती. शरयूच्या काठी अंधारात घागर बुडबुडल्याचा आवाज आला, तो हत्ती समजला आणि बाण लागला तो आंधळ्या आईबापांच्या मुलाला. नेम अचूक होता, चूक झाली ती न पाहता सोडण्यात. पंडूची गोष्ट वेगळी. त्याने मृगाचे जोडपे मारले आणि मरताना त्या मृगाने, म्हणजे किंदम ऋषीने, शाप दिला. महाभारतातला तो संवाद मुळातून वाचण्यासारखा आहे. पंडू म्हणतो, मृगया हा राजांचा धर्मच आहे. ऋषी ते नाकारत नाही. तू हरीण मारलेस हा माझा आक्षेप नाही, असे तो सांगतो, पण मैथुन संपेपर्यंत थांबला नाहीस, हा दोष तुझा. म्हणजे मारण्यालाही वेळ-अवेळ असते, ही समजूत तेव्हापासूनची. आणि कालिदासाचे ‘शाकुंतल’ तर उघडतेच मुळी रथातून केलेल्या पाठलागाने. हरीण बाणाच्या टप्प्यात येते न येते तोच आश्रमातले तपस्वी आडवे येतात आणि दुष्यंत चढवलेला बाण उतरवतो. चढवलेला बाण उतरवता येणे, ही त्या राजाची पहिली ओळख आहे. पुढे शिकारीचे सगळे शास्त्र वाचताना मला हा प्रसंग वारंवार आठवत राहिला.

पुराणांतून जमिनीवर येऊ. आमच्या गोव्यात सांगे तालुक्यात उसगाळीमळ येथे कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर कोरलेली चित्रे १९९३ साली उजेडात आली. त्यांत गुरे-बैल आहेत, तशी हरणेही आहेत. ती प्रागैतिहासिक काळातली मानली जातात. ज्यांनी ती कोरली त्यांना हरणाची पाठ, मान आणि शिंगांचा बाक तंतोतंत ठाऊक होता. तो लांबून पाहून कळणारा नाही. भाला किंवा धनुष्य घेऊन शिकार करणाऱ्याला जनावराच्या इतके जवळ जावेच लागे, की त्याचा श्वास चालताना बरगड्या हलतात हे दिसावे. वारा कुठून वाहतो, पाचोळा कुठे वाजेल, कान कधी टवकारले जातात, हे ज्याला कळत नाही तो उपाशी राहात होता. अंतराची नीती त्याला कोणी शिकवावी लागली नाही, हत्यारानेच ती शिकवली.

राजांच्या शिकारीतही हेच दिसते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बाराव्या शतकातला. आपले गोव्याचे कदंब याच चालुक्यांचे मांडलिक. या ग्रंथात राजाच्या करमणुकींत मृगयाविनोदाचे प्रकरण आहे. पाळीव हरीण आमिष म्हणून पुढे सोडायचे, झाडाझुडपाआड लपून राहायचे, अशा नाना तऱ्हा त्यात आल्या आहेत. बारकाईने पाहिले तर यातल्या बहुतेक युक्त्या एकाच कामासाठी आहेत. जनावराला आपल्याजवळ कसे आणावे किंवा आपण त्याच्याजवळ कसे जावे. लांबून मारण्याची विद्या फारशी नाहीच, कारण लांबून मारलेल्या बाणाने हरीण मरत नसे, पळत असे.

मग बंदूक आली, आणि तिच्या इतिहासात आपल्या गोव्याचे नाव ठळक आहे. आफोंसो द आल्बुकेर्कने १५१० साली गोवा घेतला आणि इथले बंदूक घडवणारे कारागीर हेरले. १५१३ साली त्याने पोर्तुगालच्या राजाला कळवले, की गोव्याच्या कारागिरांच्या बंदुका बोहेमियातल्या बंदुकांच्या तोडीच्या आहेत. त्या काळी बोहेमिया आणि जर्मनी ही या कसबाची माहेरघरे, म्हणजे हे प्रशस्तिपत्र लहान नव्हते. १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पहिल्यांदा बंदूक पोचली, तिची घडण गोव्याकडच्या बंदुकांच्या घराण्यातली होती असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. परंतु ती तोड्याची बंदूक म्हणजे काय होते? गुळगुळीत नळी, तिच्यात सैलसर बसणारी शिशाची गोल गोळी आणि जळता तोडा. गोळी नळीच्या अंगाला आदळत बाहेर पडे आणि शेवटी ज्या अंगाला घासली असेल त्यावर तिची दिशा ठरे. पन्नास-साठ मीटरच्या पुढे ती कुठे जाईल हे झाडणाऱ्यालाही सांगता येत नसे. त्यात तोड्याचा वास वाऱ्यावर जनावराकडे जायचा. तेव्हा बंदूक आली तरी शिकारी होता तिथेच राहिला, जवळ.

मोगलांनी या बंदुकीचे कोडकौतुक केले. अकबराच्या आवडत्या बंदुकीचे नाव ‘संग्राम’. तिने बादशहाने १०१९ जनावरे मारल्याची नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. जहांगीराने तर आयुष्यातल्या शिकारीचा हिशेबच मांडून ठेवला. त्याच्या देखत मारल्या गेलेल्या २८,५३२ जनावरांपैकी १७,१६७ त्याने स्वतः मारलेली. याच जहांगीराने आपल्या लाडक्या पाळीव काळविटाच्या स्मरणार्थ लाहोरजवळ शेखूपुरा येथे हिरण मिनार बांधवला. एका हाताने हजारो मारणारा आणि दुसऱ्या हाताने एकासाठी मनोरा उभारणारा हा माणूस कोडे वाटतो खरा. पण शिकारीच्या इतिहासात असली कोडी पदोपदी आहेत.

आपल्या मराठी संस्थानांत शिकारीची आणखी एक तऱ्हा होती. कोल्हापूर आणि बडोदा येथे चित्त्याकडून काळवीट मारवत. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता गाडीवरून माळावर नेत, कळप टप्प्यात आला की पट्टी काढीत. राजर्षी शाहू महाराजांना या शिकारीचा शौक होता आणि कोल्हापुरात चित्तेवानांची घराणीच होती. इथेही सगळे कसब अंतराचेच. फार लांबून सोडला तर चित्ता थोड्या धावेत दमतो आणि शिकार सोडून बसून राहतो. चित्त्याची छाती किती वेळ पुरेल हे चित्तेवानाला अचूक माहीत असावे लागे. चित्ता स्वतःही ते जाणून असे. आपला पल्ला ओळखणे हे जनावराला उपजत येते, माणसाला मात्र ते शिकावे लागते.

शिकावे लागले ते रायफलमुळे. नळीच्या आत नागमोडी आटे पाडले, की गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत निघते आणि दिशा सोडत नाही. ही युक्ती जुनीच, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ती सैन्याच्या हाती सर्रास आली. १८५७ च्या उठावात जिच्या काडतुसांनी रान पेटवले ती एन्फील्ड हीच. हजार यार्डांपर्यंतच्या खुणा तिच्यावर होत्या. मात्र गोळी जड आणि संथ, सेकंदाला सुमारे पावणेतीनशे मीटर. दोनशे मीटर जायला तिला पाऊण सेकंद लागे आणि तेवढ्या वेळात ती जवळजवळ तीन मीटर खाली पडे. म्हणून नेम वर धरून कमान साधावी लागे. आता समजा, शिकाऱ्याला हरीण दोनशे मीटरवर वाटले आणि प्रत्यक्षात ते एकशेसत्तरवर उभे आहे. या तीस मीटरच्या चुकीने गोळी हातभर वरून जाई. लढाईत समोर माणसांची फळी असते, एकाला चुकली तर दुसऱ्याला लागते. हरणाला चुकलेली गोळी मात्र एक तर वाया जाते किंवा पाय नाहीतर जबडा मोडते.

ही गोष्ट ज्यांनी नीट मांडली त्यांत कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हे नाव महत्त्वाचे. सातपुड्यातल्या पचमढीला १८६२ साली ‘बायसन लॉज’ बांधणारा तो हाच. १८६३ साली त्याने शिकारी रायफलींवर एक पुस्तक लिहिले. सैन्याची लांब पल्ल्याची रायफल रानात कामाची नाही, हा त्यातला गाभा. मध्य भारतातल्या जंगलात बार टाकायची वेळ येते ती थोड्या अंतरावर. तेव्हा हजार यार्डांची ऐट सोडा आणि जवळच्या टप्प्यात गोळी सरळ जाईल अशी रायफल करा, असे त्याचे म्हणणे. त्यासाठी त्याने गोल गोळी, भरपूर दारू आणि कमी पिळाचे आटे सुचवले. लंडनच्या पर्डीने याच सुमारास, १८५६ साली, वेगवान गोळीच्या रायफली काढल्या आणि त्यांना आगगाडीवरून ‘एक्स्प्रेस ट्रेन’ असे नाव दिले. शिकारी रायफलींना ‘एक्स्प्रेस’ म्हणू लागले ते त्यातून. सुमारे दीडशे यार्डांच्या आत अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी मर्मस्थानीच लागावी, हा तिचा मतलब. आता दुसरे टोक पाहा. त्याच काळात सिलोनच्या डोंगरांत सॅम्युएल बेकर कुत्र्यांच्या टोळीने सांबर अडवून सुऱ्याने मारत होता. १८५४ साली त्याचे पुस्तक निघाले. तिथे अंतर शून्य. क्रूर वाटेल, पण त्या सुऱ्याने जखमी होऊन रानात आठवडाभर सडणारे सांबर मागे राहात नव्हते.

पुढे १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली आणि सगळी गणिते बदलली. गोळ्या बारीक झाल्या, वेग दुप्पट-तिप्पट झाला. जिम कॉर्बेटची प्रसिद्ध .२७५ रिग्बी ही याच पिढीतली. १९०७ साली चंपावतची वाघीण मारल्याबद्दल ती त्याला भेट मिळाली. वर दुर्बीण बसू लागली. शिकाऱ्याला प्रथमच अशी गोष्ट मिळाली, की जी त्याच्या डोळ्यांपेक्षा, त्याच्या हातांपेक्षा आणि त्याच्या शहाणपणापेक्षा लांब पोचत होती. इथून पुढे अंतराची मर्यादा हत्याराने घालायची थांबवली आणि ती माणसाने स्वतःला घालून घ्यायची वेळ आली.

थोडे आकडे पाहू, कारण या विषयात नीती आकड्यांतूनच उगवते. हरणाचे काळीज आणि फुप्फुसे मिळून खांद्यामागची जी जागा होते ती मोठ्या हरणात सुमारे वीस सेंटीमीटर व्यासाची धरतात, साधारण जेवणाच्या लहान ताटलीएवढी. आमच्या सह्याद्रीतल्या भेकराची तर जेमतेम वाटीएवढी. गोळी त्या ताटलीत लागली तर जनावर काही क्षणांत कोसळते. ताटलीच्या मागे लागली तर पोट फाटते आणि ते तासन् तास जिवंत राहते. आजची एखादी नेहमीच्या वापरातली रायफल घ्या, गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ८६० मीटर, नेम शंभर मीटरला जुळवलेला. दोनशे मीटरवर ती नेमापेक्षा सुमारे ११ सेंटीमीटर खाली लागते, तीनशेवर ४० हून अधिक आणि चारशेवर जवळपास एक मीटर. हे पडणे एक वेळ कोष्टकात बघून सांभाळता येते. वाऱ्याचे काय? ताशी सोळा किलोमीटरचा, म्हणजे झाडाच्या बारीक फांद्या हलवणारा आडवा वारा गोळीला दोनशे मीटरवर नऊ-दहा सेंटीमीटर ढकलतो, तीनशेवर वीस-बावीस, चारशेवर हातभर. दोनशेवर ती ताटलीच्या काठावर येते, तीनशेवर बाहेर पडते. आणि वारा शिकाऱ्याच्या गालाला लागतो तेवढाच दरीच्या मध्यावर असतो असेही नाही.

त्यात घाटातली जमीन. दरीपलीकडचा कडा हवा स्वच्छ असली की जवळ वाटतो. उतारावरून खाली मारताना तिरपे अंतर धरून चालत नाही, आडवे अंतर धरावे लागते. पंचेचाळीस अंशांच्या उतारावर दोनशे मीटर तिरपे म्हणजे आडवे एकशेएकेचाळीसच, आणि गोळी पडते ती या आडव्या अंतराच्या हिशेबाने. जुने शिकारी अंतर मोजायला निरनिराळ्या खुणा वापरत. कोणी पावले मोजून डोळा बसवत, कोणी निम्मे अंतर ठरवून दुप्पट करत. आता लेसरचे यंत्र डोळ्याला लावले की आकडा मिळतो. परंतु चारशे मीटर जायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात चरणारे हरीण एक पाऊल पुढे टाकते. ते पाऊल कुठल्याच यंत्राला आधी दिसत नाही. काळजावर धरलेला नेम पोटात जातो तो इथे.

म्हणून जाणत्या शिकाऱ्यांनी जे उत्तर काढले ते अमुक इतके मीटर असे नाहीच. ते असे आहे: ज्या अंतरावरून, ज्या बैठकीत, आज, या वाऱ्यात, धाप लागलेली असताना, तुझ्या सगळ्या गोळ्या त्या ताटलीत बसतात, ते तुझे अंतर. शंभर मीटरवर ज्याच्या गोळ्या दहा सेंटीमीटरच्या वर्तुळात राहतात त्याच्या त्या दोनशे मीटरवर वीसच्या वर्तुळात पसरतात. त्याची हद्द तिथे संपली. तीही वारा नसेल तर. भेकर असेल तर त्याच्या निम्म्यावर. दिवसभर चढ चढून आला असेल तर आणखी अलीकडे. मांडीवर टेकून मारणाऱ्याचे अंतर वेगळे आणि उभ्याने मारणाऱ्याचे वेगळे. दहा गोळ्यांतली सर्वांत चांगली कुठे लागली यावर हे ठरत नाही, सर्वांत वाईट कुठे लागली यावर ठरते. मला हे वाक्य शिकारीपेक्षा मोठे वाटते. आपण सगळेच स्वतःला आपल्या उत्तम दिवसावरून मोजत असतो.

माझ्या आजोळी, सत्तरीत, पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारे एक म्हातारे होते. दारू भरायची, गजाने ठासायची, गोळी, मग टोपी, एक बार भरायलाच बराच वेळ जायचा. जनावराचा कान हललेला डोळ्याला दिसत नसेल तर बार टाकायचा नाही, असा त्यांचा नियम होता. ना मीटर, ना यार्ड. पण विचार केला तर त्यात सगळे आले. उजेड पुरेसा हवा, आडोसा मध्ये नको, जनावर कोणते हे नक्की हवे आणि अंतर आपल्या डोळ्याच्या आवाक्यातले हवे. दशरथाने एवढा एक नियम पाळला असता तर रामायण वेगळे झाले असते!

हीच समज इतर देशांनी कायद्यात बांधली. जर्मनीत रो जातीच्या लहान हरणासाठी गोळीत शंभर मीटरवर निदान १००० ज्यूल शक्ती उरली पाहिजे आणि त्याहून मोठ्या खुरी जनावरांसाठी २०००, असा नियम आहे. शक्ती नळीच्या तोंडाशी न मोजता शंभर मीटरवर मोजायची, यात सगळा शहाणपणा आहे. नॉर्वेत मोठ्या जनावरांची शिकार करणाऱ्याला दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. शंभर मीटरवर पाच गोळ्या, पाचही तीस सेंटीमीटरच्या वर्तुळात. आणि हरणाच्या शिकारीला जाताना जखमी जनावराचा माग काढणारा प्रशिक्षित कुत्रा उपलब्ध असल्याची तजवीज करावी लागते. इंग्लंडमध्ये १९९१ च्या हरीण कायद्याने गोळीची किमान जाडी आणि शक्ती ठरवून दिली. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्टने १८८७ साली स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ‘न्याय्य पाठलाग’ ही कल्पना रुजवली. हजार-हजार मीटरवरून हरणे मारण्याची हौस तिथे अलीकडे वाढली तेव्हा या क्लबने तिच्यावर टीका केली. तीही आकडा न सांगता. लांब कशाला म्हणायचे हे अंतरापेक्षा मारणाऱ्याच्या हेतूवर ठरते, असे त्यांनी म्हटले. जनावराला आपली चाहूल लागण्याची शक्यताच जिथे उरत नाही तिथे ती शिकार राहात नाही, नेमबाजीची चांदमारी होते आणि चांदमारीच्या जागी जिवंत जीव उभा असतो.

आपल्याकडे इंग्रजी अमलात शिकारीचे संकेत होते, त्यांत जखमी जनावराच्या मागे जाऊन त्याला संपवल्याशिवाय परतायचे नाही हा मोठा संकेत. पण तो पाळला गेला तो मुख्यतः वाघ-बिबट्याच्या बाबतीत. कारण उघड आहे. जखमी वाघ गावकऱ्यांवर उलटतो. चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे सुळे कोणाच्या तरी जुन्या गोळीने तुटले होते. नैसर्गिक भक्ष्य पकडता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेटने लिहून ठेवले आहे. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ बळींची नोंद तिच्या नावावर आहे. एका माणसाने घाईने टाकलेला, धड न लागलेला एक बार, आणि त्याचे मोल ४३६ घरांनी दिले. तो बार टाकणाऱ्याचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही.

हरीण असा सूड घेत नाही. जबडा तुटलेले चितळ जाळीत जाऊन बसते, चरू शकत नाही, आठ-दहा दिवसांत मरते. त्याचा हिशेब मागायला कोणी येत नाही. म्हणूनच हरणाच्या बाबतीत अंतराचा नियम पाळणे हे वाघापेक्षा अवघड. तिथे भीती राखण करत नाही, फक्त माणसाची स्वतःची लाज राखण करते. कॉर्बेटला लहानपणी मिळालेली पहिली बंदूक ठासणीची दुनळी होती आणि तिची एक नळी फुटलेली होती. हाती एकच बार, म्हणून जवळ जाण्याची विद्या तो शिकला आणि पुढे जन्मभर तीच त्याच्या कामी आली. जवळ जाण्याच्या त्याच विद्येने पुढे त्याच्या हाती चलच्चित्राचा कॅमेरा दिला. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याचे वाघांच्या छायाचित्रांचे पुस्तक १९२७ साली आले होते. आपल्या मराठीत व्यंकटेश माडगूळकरही आधी शिकारी आणि मग वही-दुर्बीणवाले झाले. जवळून पाहण्याची सवय लागलेल्या माणसाच्या हातून बंदूक सुटते, असे पुष्कळदा घडलेले दिसते.

जे जवळ गेले नाहीत त्यांनी काय केले हेही इतिहासात आहे. १९४७ साली कोरिया संस्थानात, आताच्या छत्तीसगडात, रात्री मोटारीच्या दिव्यांच्या झोतात तीन चित्ते एकाच वेळी मारले गेले. आपल्या देशातल्या अखेरच्या चित्त्यांत ते गणले जातात. १९५२ साली चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. स्वातंत्र्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत जीप आणि बॅटरीच्या झोताने रानेच्या राने ओस पडली. झोतात हरीण खिळून उभे राहते, डोळे चमकतात, आणि त्या डोळ्यांवर बार टाकायला ना वारा ओळखावा लागतो ना पाऊल. लागले तर लागले, नाहीतर जीप पुढे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तो या पार्श्वभूमीवर, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने उरलेच नाहीत. तो कायदा योग्यच होता. ज्या समाजाने स्वतःला मर्यादा घातली नाही त्याला ती बाहेरून घालावी लागते.

आमच्या गोव्यात मोले, बोंडला, खोतीगाव ही अभयारण्ये साठच्या दशकाच्या अखेरीस झाली, म्हादई आणि नेत्रावळी १९९९ साली. आज राज्याच्या पूर्वेकडचा जवळजवळ सगळा घाट संरक्षित आहे. तरी पावसाळ्यात सत्तरी-सांग्यातल्या रात्री कधी लांबून बार ऐकू येतो आणि सकाळी कोणी काही बोलत नाही. तो बार अंधारात, झोतावर, मेरू की भेकर की आणखी कोण हेही नीट न बघता टाकलेला असतो. कायद्याने तो गुन्हा आहेच. पण कायद्याआधीच्या, पारध करून पोट भरणाऱ्या माणसाच्या मोजमापातही तो गुन्हाच ठरला असता, हे आपल्या मुलांना सांगायला हवे. शिकार ही आपली परंपरा म्हणून अशा बारांचे समर्थन जो करतो, त्याला परंपरेचा अर्धाच भाग ठाऊक असतो. उरलेला अर्धा भाग न टाकलेल्या बारांचा आहे. रान उठवून, दिवसभर काट्यांत बसून, संध्याकाळी हरीण दिसले पण कान दिसला नाही म्हणून बंदूक खांद्याला लावून रिकाम्या हाताने घरी परतलेल्या माणसांचा. त्यांची नोंद कुठल्या बादशहाच्या वहीत नाही. रानात आज जी चार भेकरे भुंकतात, ती त्यांनी मागे ठेवलेली आहेत.